डिस्को : ठेका, पेहराव आणि आपण



गोदाकाठच्या या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेक विषयांचा ऊहापोह झालेला आहे. तेथे आम्ही ‘डिस्को’वर बोलणार, हे पत्रिकेत वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु ज्या गोष्टीने दोन पिढ्यांचे पाय हलवले, शिंप्याच्या कात्रीला नवे वळण दिले आणि आपल्या वरातींचे व मिरवणुकांचे रूप पालटले, तिला उथळ म्हणून मोकळे होणे सोपे असले, तरी शहाणपणाचे नाही. दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आल्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. परदेशी यंत्र आणून त्यातून आपली गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या गावाने परकेपणाच्या नावाने नाक मुरडू नये.

प्रथम शब्दाचे पाहू. ‘डिस्कोथेक’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ तबकड्यांचा संग्रह. समोर वादक नाहीत, तबकडी वाजते आहे आणि लोक नाचत आहेत, अशी ती जागा. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत फोफावली. तेथे जमत कोण, तर कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक वस्त्यांतील तरुण, समलिंगी माणसे. शिष्ट समाजाच्या दिवाणखान्यात ज्यांना पाट मांडला जात नव्हता, अशांनी हे अंगण स्वतःसाठी सारवून घेतले. १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाने ते जगभर पोचवले. लगोलग त्याचा रागही उसळला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. एका ठेक्यावर माणसे इतकी का संतापावीत? नुसत्या ठेक्यावर कोणी इतके संतापत नाही. तो ठेका कोणाचा आहे, यावरही संतापतात.

आता हा ठेका कसा, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्या केरव्यात आठ मात्रा. त्यात सम असते, खाली असते. सम साधली तर दाद, चुकली तर फजिती. डिस्कोत मिनिटाला सुमारे १२० ठोके पडतात, चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा सारखाच आघात असतो. म्हणजे या तालात खाली नाहीच, सगळ्या टाळ्याच. गवई याला दारिद्र्य म्हणेल आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु ज्यात सम चुकण्याची भीती नाही, त्यात कोणीही, कोठूनही, न शिकता पाऊल टाकू शकतो. डिस्कोचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

आपल्याकडे नाच नव्हता काय? भरपूर होता. परंतु प्रत्येक नाचाला एक परवाना लागे. स्त्रियांनी मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळावी, तीही बायकाबायकांत. मुलांनी लेझीम खेळावे. लावणी नाचणारीने नाचावी आणि प्रतिष्ठितांनी लोडाला टेकून पाहावी. पांढरपेशा मराठी माणूस स्वतः नाचत नसे. त्याच्या अंगातील हा संकोच पहिल्यांदा ढिला केला तो मास्टर भगवान यांनी. गिरणीकामगाराचा हा मुलगा १९५१ च्या ‘अलबेला’त नाचला, तो ज्याला नाच येत नाही अशालाही करता येईल अशा सोप्या पावलांनी. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे. त्यांनी पाश्चात्त्य ठेका असा काही मुरवून घेतला की तो परका वाटेना.

हीच वाट पुढे डिस्कोला मोकळी सापडली. १९८० साली ‘कुर्बानी’त लंडनमध्ये वाढलेल्या नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीचा आवाज घुमला. त्या गाण्याचे संगीत होते बंगळूरहून विलायतेस गेलेल्या बिद्दू यांचे. १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला. बाप्पी लाहिरींचे संगीत आणि मिथुन चक्रवर्तींचा नाच. नायक कोण, तर रस्त्यावर गाणारा एक गरीब मुलगा. चाळीतल्या पोराला त्यात आपला चेहरा दिसला. रशियातही तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. याच दशकात बाबला यांच्या वाद्यवृंदाने गरब्याला ‘डिस्को दांडिया’ केले, आणि १९८७ च्या ‘गंमत जंमत’मध्ये किशोरकुमार मराठीत गाऊ लागले.

पेहरावाचे कारणही त्या नृत्यगृहातच आहे. तेथे अंधार असतो. छताला आरशांच्या तुकड्यांचा गोळा फिरतो आणि उजेडाचे कवडसे अंगावरून पळतात. तेव्हा कापड असे हवे की जे उजेड परतवील आणि अंगाबरोबर हलेल. म्हणून जरतारी धागे, टिकल्या, साटीन आणि पॉलिएस्टर. आपल्याला हे तत्त्व नवीन नाही. येवल्याची पैठणी समईच्या उजेडात उगीच का खुलते! फरक इतकाच की पैठणी एकदा घ्यायची आणि पिढ्यान्‌पिढ्या नेसायची. हा चमचमता सदरा मात्र स्वस्त, धुवायला सोपा आणि वर्षभरात टाकून द्यायचा.

आम्ही त्या वेळी शाळेत होतो. आमच्या शिंप्याच्या दुकानात सिनेमासिकातून कापलेले मिथुनचे चित्र खिळ्याला टोचलेले असे आणि मुले त्याकडे बोट दाखवून “असा” एवढेच म्हणत. आम्हीही म्हणालो. तीर्थरूपांनी मापाच्या वहीत एक नजर टाकली आणि शाळेच्या खाकी विजारीचे माप द्यायला सांगितले. असो.

परंतु या चमचमाटाच्या मागे एक अंधारही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. ज्या वर्षी ‘डिस्को डान्सर’ आला, त्याच वर्षी गिरणगावची धोटी थांबली. बरेचसे काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे वळले आणि कृत्रिम धाग्याने सुताला मागे सारले. हे डिस्कोने केले असे कोणी म्हणणार नाही. पण भगवानदादांना ज्या वस्तीने वाढवले, ती वस्ती उठत होती, आणि तिची मुले झगमगीत सदरे घालून गणपतीपुढे नाचत होती. त्या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्यात.

दुसरी हानी वादकांची. बाप्पी लाहिरींच्या काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणात मोठे वाद्यवृंद बसत. त्यात कितीतरी गोमंतकीय कलावंत असत. पुढे सिंथेसायझर आला आणि १९९० नंतर ते वाद्यवृंद हळूहळू उठले. ‘तबकड्यांचा संग्रह’ हा शब्दाचा मूळ अर्थ असा खरा झाला. नाचणारे वाढले, वाजवणारे घटले. आज मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, छातीत धडधड होते, घरातील म्हातारे माणूस कानावर हात घेऊन बसते. त्या भिंतीमागे बोटभर कळ दाबणारा एकटा इसम असतो.

मग आपण काय करावे? नाच बंद करावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वरातीत आज नवऱ्या मुलाची आई नाचते, आत्या नाचते, बँकेतले काका नाचतात. परवान्यावाचून मिळालेला हा आनंद डिस्कोची देणगी आहे आणि तो परत मागू नये. परंतु नाशिककरांपाशी याचे एक उत्तर आहे. आपल्या ढोलाची कीर्ती अशी की दूर केरळातही लग्नांत नि उत्सवांत ‘नासिक ढोल’ याच नावाने पथके वाजतात. त्या ढोलाचा ठोकाही सोपाच, कोणालाही पाय धरू देणारा. मात्र तो वाजवायला पन्नास जणांना महिनोन्‌महिने एकत्र यावे लागते, हाताला घट्टे पडावे लागतात आणि शेजाऱ्याचा ठोका ऐकावा लागतो. ऐकल्यावाचून वाजवता येत नाही.

डिस्कोने आपल्याला न शिकता नाचायला शिकवले. ऐकायचे आणि वाजवायचे मात्र आपले आपणच शिकायला हवे. नाचणाऱ्या दर शंभरांमागे दहा वाजवणारे हात या गावात शिल्लक राहिले, तर कोणताही परका ठेका येवो, तो आपल्या घरी पाहुणा म्हणून राहील, मालक म्हणून नव्हे.