नाव तेच, औषध तेच नव्हे

आज बोलायचंय ते आपल्या घरातल्या औषधांच्या कोनाड्याबद्दल. बाळाचं खोकल्याचं औषध, सासूबाईंच्या गोळ्या आणि शेळीचं जंताचं औषध तिथं शेजारीशेजारी असतं. मग एखादी नाव वाचते आणि म्हणते, "अगं, हे तर तेच औषध! शाळेत पोरांना देतात ते."

नाव तेच असतं, हे खरं. अल्बेंडाझोलच घ्या. जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत मिळते ती गोळी ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला तिची अर्धीच, तीही चुरून. गाईम्हशींसाठी मिळणारी मोठी गोळी ३००० मिलिग्रॅमचीही असते, म्हणजे मुलांच्या साडेसात गोळ्या एकीत! तुकडा तोडून देऊ म्हणाल, तर अडकित्त्यानं तोडलेल्या तुकड्यात किती औषध आलं, ते कोण मोजणार? आणि मुलांची गोळी तर फुकट मिळते.

शिवाय जनावरांच्या पातळ औषधात कधीकधी दोन औषधं एकत्र असतात. आपण ओळखीचं नाव वाचतो, दुसरं नजरेतून सुटतं.

नावावर विसंबून काय होतं, ते ऐका. युरोपात लिथुआनिया नावाचा देश आहे. तिथं बाहेरून मदत म्हणून औषधं आली. त्यात क्लोसँटेल होतं, जनावरांच्या जंतांचं. सोबत माहितीचा कागद नव्हता. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांच्या कागदांवरच्या नावांशी ते नाव जुळवून पाहिलं आणि गर्भाशयाच्या आजारासाठी बायकांना दिलं. अकरा जणींची दृष्टी गेली. ती तात्पुरती गेली, हे त्यांचं नशीब. ही १९९३ सालाच्या सुमाराची गोष्ट. शिकलेसवरलेले डॉक्टर नावाला फसले, तिथं आपण अंधारात बाटली चाचपून काय ओळखणार? आणि हेच क्लोसँटेल आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांना पाजतात.

गरोदर बाईनं तर जास्तच जपायचं. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल घ्यायचं नसतं. गाभण शेळीलाही सुरुवातीच्या दिवसांत ते टाळतात. दिवस गेले असतील, तर शेळ्यांना औषध पाजायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

आता उवांचं. मुलीच्या डोक्याला गोचिडाचं औषध चोळणाऱ्या बायका आहेत. रागावू नका, पण हे फार वाईट आहे. ते औषध जनावराच्या राठ कातडीसाठी, तेही पाण्यात मिसळून लावायचं. मुलीनं डोकं खाजवून खाजवून ओरखडे काढलेले असतात, त्यातून ते अंगात जातं. काही गोचिडाच्या औषधांत अमिट्राझ असतं. त्यानं गुंगी येते, नाडी मंदावते. उवांसाठी माणसांचं वेगळं औषध मिळतं. आशाताईंना विचारा. खरूज झाली तर दवाखान्यात दाखवा, जनावरांचं इंजेक्शन घेऊ नका.

इंग्रजी वाचता येत नसलं तरी एक खूण पाहा. जनावरांच्या औषधावर जनावराच्या तोंडाचं चित्र छापावं लागतं, आणि माणसांसाठी नाही असंही लिहावं लागतं. म्हणून औषध मूळ बाटलीतच ठेवा. उरलेलं गोचिडाचं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर तहानलेलं पोर ते सरळ तोंडाला लावतं. ही औषधं घरात नकोतच. गोठ्यात उंचावर, कुलपात ठेवा.

तरीही कुणाच्या पोटात गेलंच, तर ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. १०८ ला फोन करा. आणि निघताना ती बाटली, रिकामी असली तरी, सोबत घ्या. कुठलं औषध होतं, किती गेलं, केव्हा गेलं, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.