पोडावरच्या लेकराची बाजू कोण मांडणार?



सेवाग्राम आणि पवनार या दोन नावांमुळे वर्धा जिल्हा साऱ्या देशाला परिचित आहे. अंत्योदयाचा विचार या मातीला नवा नाही. मात्र याच जिल्ह्यातील कोलाम पोडांवर आणि पारधी बेड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला येणाऱ्या एका प्रश्नाकडे सुशिक्षित समाजाचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. शासनाच्या बाल कल्याण समितीपुढे वनवासी मूल उभे केले जाते, तेव्हा त्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची बाजू कोण मांडतो, हा तो प्रश्न होय.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. गडचिरोली किंवा मेळघाट यांच्याप्रमाणे हा जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार येथे लागू होत नाहीत. गोंड, कोलाम, पारधी ही कुटुंबे जिल्हाभर विखुरलेली आहेत. संख्या विरळ असल्याने कचेरीत त्यांचा आवाज पोहोचत नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष व चार सदस्य अशी तिची रचना असून त्यात किमान एक महिला असावी लागते. या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आढळल्यास त्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीपुढे सादर करावे लागते. मूल घरी पाठवायचे, नातलगाकडे द्यायचे की बालगृहात ठेवायचे, हे समिती ठरविते.

हा कायदा सद्हेतूने झालेला आहे आणि त्यामुळे असंख्य मुलांना आधार मिळाला आहे, यात शंका नाही. तथापि, अशा मुलाची व्याख्या काळजीपूर्वक वाचली पाहिजे. ज्याला घर किंवा स्थिर निवासस्थान नाही आणि उपजीविकेचे उघड साधन नाही, असे मूल या व्याख्येत येते. शहरी वस्तीत वाट चुकलेल्या मुलासाठी ही तरतूद वरदान ठरते. परंतु पालावर राहणारे पारधी कुटुंब असो की पोड सोडून वीटभट्टीवर गेलेले कोलाम कुटुंब, त्यांच्या बाबतीत हे वर्णन त्यांच्या नित्याच्या जीवनाचेच असते. आईबाप जिवंत आहेत, लेकरावर जीव टाकतात, फक्त दरिद्री आहेत. दारिद्र्य हा आईबापांचा अपराध मानावयाचा काय?

समजा, एक कोलाम जोडपे कापूस वेचणीसाठी दूरच्या तालुक्यात गेले आहे. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा रेल्वे स्थानकावर एकटा सापडतो. तो घाबरलेला आहे. कोलामी ही मराठी आणि गोंडी या दोहोंपासून वेगळी भाषा. त्याचे बोलणे कुणाला नीट उमगत नाही. गृहचौकशीसाठी अधिकारी पोडावर जातात, तर घराला कुलूप. अहवालात नोंद होते, ‘पालक आढळले नाहीत.’ चौकशी पूर्ण करून चार महिन्यांत अंतिम आदेश देणे कायद्याने अपेक्षित आहे. अनाथ वा परित्यक्त ठरणाऱ्या मुलाला दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याची मुदतही दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने व त्यावरील मुलासाठी चार महिने इतकीच आहे. हंगाम संपवून आईबाप परततात, तोवर कागद पुष्कळ पुढे गेलेले असतात. येथे कुणाचाही दुष्ट हेतू नाही. उणीव आहे ती पोडाच्या नाईकाला विचारून चुलत्याचा, मामाचा ठावठिकाणा समितीपुढे ठेवणाऱ्या एका माणसाची.

मूल आईबापांपासून तोडून सुधारता येते, ही कल्पना मूळची परकीय राज्यकर्त्यांची आहे. गुन्हेगार जमाती कायद्याने १९११ साली सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना पालकांपासून वेगळे करून सुधारगृहात धाडण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यामागील संशय मात्र पारधी बांधवांच्या मागे आजही लागलेला आहे. कॅनडात चर्चसंस्थांनी चालविलेल्या निवासी शाळांनी मूलनिवासींच्या पिढ्या मुळापासून उखडल्या. त्याबद्दल २००८ साली तेथील पंतप्रधानांना संसदेत क्षमा मागावी लागली. अमेरिकेत १९७० च्या दशकातील पाहण्यांनुसार मूलनिवासींची २५ ते ३५ टक्के मुले घरांपासून दूर केली गेली होती. त्यावर १९७८ साली स्वतंत्र कायदा झाला. मूल प्रथम नातलगांकडे, नंतर स्वजमातीत द्यावे आणि गरीब पालकांना न्यायालयाने वकील द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हा कायदा वैध ठरविला.

भारतात वेगळा कायदा नाही. परंतु आहे त्या कायद्यातही पुष्कळ बळ आहे. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, ही तत्त्वे बाल न्याय अधिनियमातच नमूद आहेत. मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्वही तेथे आहे. आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. घरच्या गरिबीमुळे मूल संस्थेत जाऊ नये, यासाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये, तर केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात ४,००० रुपये साहाय्याची तरतूद आहे. पोडापर्यंत ही माहिती घेऊन जाणारा मात्र कुणी नसतो.

बाजू मांडणे म्हणजे पालकांचे सर्व काही समर्थनीय ठरविणे नव्हे. जेथे मारहाण आहे, व्यसन आहे, लैंगिक अत्याचार आहे वा बालविवाहाचा घाट आहे, तेथे मुलाचे हित आणि पालकांचे म्हणणे परस्परविरोधी असू शकते. अशा वेळी मुलाचा प्रतिनिधी वेगळा असला पाहिजे. रूढीच्या नावाखाली अल्पवयीन मुलीला पुन्हा त्याच घरात ढकलणे हा संस्कृतीचा अभिमान नव्हे.

वनवासी कल्याण आश्रमाचे संस्थापक बाळासाहेब देशपांडे हे मूळचे विदर्भातील आणि कायद्याचे पदवीधर. १९५२ साली जशपूर येथे त्यांनी कार्याचा आरंभ केला. यमगरवाडी येथे १९९३ पासून भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानाने पारधी मुलांसाठी शिक्षणाचे जे कार्य उभारले, तेही महाराष्ट्राला ज्ञात आहे. वसतिगृहात मूल पालकांच्या संमतीने येते आणि सुटीत घरी जाते. नाळ तुटत नाही. हाच विवेक समितीच्या कामकाजातही हवा.

प्रत्येक तालुक्यात एका वकिलाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव नोंदवून अशी प्रकरणे स्वीकारावीत. कोलामी, गोंडी, पारधी बोली जाणणाऱ्या तरुणांनी विधी स्वयंसेवक व्हावे आणि दुभाषाचे काम करावे. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा पत्ता व नातलगांची नावे कार्यकर्त्यांनी आधीच टिपून ठेवावीत. जन्मदाखला व जातीचा दाखला काढून द्यावा. कारण कागदाअभावी सख्ख्या आईलाही आपले मातृत्व सिद्ध करणे कठीण जाते. मध्यमवर्गीय कुटुंबांनी अनाथालयास वर्षातून एकदा मिठाई देण्यापेक्षा एका पोडाशी वर्षभर संबंध ठेवावा.

समितीच्या दालनात कोलाम माता हात जोडून उभी राहील, त्या दिवशी तिच्या शेजारी तिची भाषा समजणारा आणि कायदा जाणणारा एक माणूस उभा असावा. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असा माणूस मिळणे अशक्य नाही. त्यासाठी संघटित समाजाने मनावर घेतले पाहिजे.