मोबाईलमधील आवृत्तीचे नाव आणि नंबर : शेतकऱ्याने काय ओळखावे?



बियाण्याच्या दुकानात जाऊन आपण कधी नुसतं "सोयाबीन द्या" असं म्हणत नाही. जे. एस. ३३५ हवं की फुले संगम हवं, ते सांगतो. पिशवीवरचं लेबल पाहतो, उगवणीची टक्केवारी वाचतो, मुदत तपासतो. उसाचं बेणं घेतानाही को ८६०३२ की को एम ०२६५, हे विचारल्याशिवाय गाडी भरत नाही. मात्र खिशातल्या मोबाईलवर "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपडेट करा" अशी पाटी आली, की आपण एक तर न वाचता बटण दाबतो, नाही तर घाबरून तसंच ठेवतो. दोन्हींत नुकसान आहे. पीक पाहणी, पीक विमा, अनुदान, बँकेचा व्यवहार असं सगळंच आता या यंत्रावरून चालतं. म्हणून आवृत्तीची नावं आणि नंबर कसे वाचायचे, ते आज पाहू.

आवृत्ती म्हणजे काय?

मोबाईलचा डबा म्हणजे झालं यंत्र. त्या यंत्राने काय करायचं याच्या सूचना आत लिहिलेल्या असतात, त्यांना सॉफ्टवेअर म्हणतात. कंपनी या सूचना वेळोवेळी सुधारते. चुका काढते, नवी सोय घालते, चोरवाटा बुजवते. अशा प्रत्येक सुधारलेल्या संचाला आवृत्ती किंवा व्हर्जन म्हणायचं. पुस्तकाची पहिली, दुसरी आवृत्ती निघते, तसंच हे आहे. डबा तोच राहतो, आतला मजकूर बदलतो.

घोटाळा होतो तो पुढे. आपल्या एकाच फोनमध्ये चार निरनिराळे नंबर असतात आणि आपण ते एकच समजतो. ते एकेक करून घेऊ.

पहिला नंबर : अँड्रॉइडचा

आपल्याकडच्या बहुतेक फोनांत गूगल कंपनीची अँड्रॉइड नावाची मूळ प्रणाली असते. २००९ साली तिच्या १.५ या आवृत्तीला "कपकेक" हे नाव मिळालं आणि पुढे प्रत्येक मोठ्या आवृत्तीला एकेका गोड पदार्थाचं नाव देण्याची चाल पडली. ४.४ म्हणजे किटकॅट, ५ म्हणजे लॉलीपॉप, ६ मार्शमॅलो, ७ नूगट, ८ ओरिओ आणि ९ म्हणजे पाय. नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने होती. ज्याला तो क्रम पाठ आहे त्याला नावावरून कळायचं, की मार्शमॅलोपेक्षा नूगट नवी.

पण आपल्या गावात मार्शमॅलो कुणी खाल्लाय? अडचण कशी होते ती पाहा. समजा, आपण आपल्या मुळाक्षरांनी नावं दिली : अनारसे, करंजी, खीर, गुळपोळी, घारगे, चिरोटे. तुम्ही लगेच सांगाल, की खिरीनंतर गुळपोळी आली. परदेशी माणसाला मात्र ते उमगणार नाही. हीच अडचण उलट बाजूने जगभरच्या लोकांना येत होती. "पाय" हा पदार्थ सगळीकडे गोड नसतो, मार्शमॅलो सगळीकडे मिळत नाही, आणि काही भाषांत बोलताना इंग्रजी "एल" आणि "आर" या अक्षरांतला फरकही कळत नाही. म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये गूगलने जाहीर केलं, की यापुढे गोड नाव नाही, नुसता नंबर. त्याच वर्षी अँड्रॉइड १० आली. पुढे दरवर्षी एकेक नंबर वाढत २०२४ मध्ये १५ आणि २०२५ मध्ये १६ आली. कंपनीच्या आत गोड नावं अजून ठेवतात, पण १६ ला "बाकलावा" नाव देऊन त्यांनी मुळाक्षरांचा क्रमही मोडला. तेव्हा नाव सोडा, नंबर धरा.

आणखी एक. एका नावाखाली अनेक नंबर असत. जेली बीन म्हणजे ४.१, ४.२ आणि ४.३ या तिन्ही. म्हणून जुना फोन विकत घेताना कुणी नुसतं "ओरिओ आहे" म्हणालं, तर "८.० की ८.१?" असं विचारावं.

दुसरा नंबर : फोन बनवणाऱ्या कंपनीचा

फोन बनवणाऱ्या कंपन्या अँड्रॉइडवर आपापला साज चढवतात आणि त्याला वेगळं नाव, वेगळा नंबर देतात. सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं आधी एमआययूआय आणि आता हायपरओएस, रिअलमीचं रिअलमी यूआय. जास्तीत जास्त फसगत इथेच होते.

एमआययूआय १४ ही अँड्रॉइड १४ नव्हे. ती बऱ्याच फोनांत अँड्रॉइड १३ वर, तर काहींत १२ वर बसवलेली होती. सॅमसंगचं वन यूआय ६ हे अँड्रॉइड १४ वर आहे. नुसता ६ पाहून कुणी म्हणेल, "हा तर जुनाट." पण तसं नाही. उलट २०२३ साली शाओमीने नाव बदललं तेव्हा एमआययूआय १४ नंतर हायपरओएस १ आली. चौदावरून एकावर आलो म्हणून फोन मागे गेला असं समजू नका. कंपनीने नव्या वहीत पहिल्या पानापासून मोजायला सुरुवात केली, इतकंच.

ॲपलच्या आयफोनची तऱ्हा आणखी वेगळी. २०२४ साली त्यांची आयओएस १८ होती आणि २०२५ साली एकदम २६ आली. मधल्या सात आवृत्त्या चोरीला गेल्या नाहीत. त्यांनी नंबर सालाला जोडला, २६ म्हणजे २०२६. ऊस लावणाऱ्याला हे समजायला जड नाही. को ८६०३२ मधले ८६ हे १९८६ सालाचे आणि को एम ०२६५ मधले ०२ हे २००२ सालाचे. तीच रीत.

यातून घ्यायचं ते एवढंच : एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या नंबराशी ताडून पाहू नये. जेएस ३३५ पेक्षा केडीएस ७२६ दुपटीने चांगलं, असा हिशेब आपण करतो का?

तिसरा नंबर : सुरक्षा अपडेटची तारीख

हा खरं तर नंबर नाही, तारीख आहे. पण माझ्या मते चौघांत जास्त मोलाची हीच. फोनच्या चोरवाटा शेवटच्या कधी बुजवल्या, हे ती सांगते. बियाण्याच्या पिशवीवर आपण वैधता बघतो, तशी ही बघावी. अँड्रॉइडचा नंबर थोडा जुना असला तरी तारीख अलीकडची असेल, तर फोन बऱ्यापैकी राखणीत आहे असं समजा. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीच थांबली असेल, तर कंपनीने त्या फोनकडे लक्ष देणं सोडलं असण्याचा संभव आहे. अशा फोनवर बँकेचा व्यवहार ठेवणं म्हणजे कुंपण मोडलेल्या रानात उभं पीक ठेवणं.

नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा, "याला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार?" २०२३ सालच्या गूगल पिक्सेल ८ ला कंपनीने ७ वर्षांचा शब्द दिला आहे. स्वस्त फोनांना बहुधा त्याहून कमी वर्षं मिळतात.

हे तिन्ही पाहण्यासाठी सेटिंग्ज उघडा आणि अगदी खाली "फोनबद्दल" येथे जा. तिथेच "बिल्ड नंबर" दिसेल, त्यावर उगाच बोट मारत बसू नये. सात वेळा दाबलं की तंत्रज्ञांसाठीचे पर्याय उघडतात. आपल्याला त्यांचं काम नाही.

चौथा नंबर : ॲपचा

फोनची आवृत्ती वेगळी आणि त्यावरच्या प्रत्येक ॲपची वेगळी. ट्रॅक्टर वेगळा, अवजार वेगळं. फोन अपडेट केला म्हणून ॲप आपोआप नवं झालं, असं धरू नका.

आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण ई-पीक पाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे ॲप राज्यभर आलं. २०२२ च्या खरिपात त्याची दुसरी आवृत्ती आली. पुढे डिजिटल क्रॉप सर्व्हे, म्हणजे डी. सी. एस. नावाचं ॲप आलं आणि २०२५ च्या खरिपासाठी त्याची ४.० आवृत्ती निघाली. आता एखाद्याच्या फोनमध्ये जुनंच ॲप आहे. तो बांधावर जातो, फोटो काढायला बघतो, ॲप चालत नाही. "सर्व्हर बंद" म्हणून घरी येतो. असं चार वेळा होतं आणि मुदत संपते. सर्व्हर खरोखर अडतोही, नाही असं नाही. पण आधी आपली आवृत्ती तर तपासा! नोंद राहिली, की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि मग विमा, नुकसानभरपाई, हमीभाव खरेदी या सगळ्यांत अडचण उभी राहते. म्हणून हंगाम सुरू झाला की प्ले स्टोअरमध्ये जाऊन पाहा. ॲपच्या नावाशेजारी "अपडेट" दिसलं तर करून घ्या, जुनं निराळं ॲप राहिलं असेल तर काढून टाका. शंका असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांना विचारा.

कधी प्ले स्टोअर सांगतं, की हे ॲप तुमच्या फोनशी जुळत नाही. याचा अर्थ बहुधा असा, की ॲपला जेवढी अँड्रॉइड लागते तेवढी तुमच्या फोनमध्ये नाही. मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर लहान ट्रॅक्टरला ओढवत नाही, तसंच हे. व्हॉट्सॲपसुद्धा आता अँड्रॉइड ४.४ किंवा त्याहून जुन्या फोनवर चालत नाही. अशा वेळी स्वतःच्या फोनशी झटापट न करता घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या चांगल्या फोनवरून काम उरकावं.

टिंबाचे नंबर कसे वाचायचे?

ॲपच्या नंबरात टिंबं असतात : ४.०.५ वगैरे. हा दशांश अपूर्णांक नव्हे. ४.९ मोठी की ४.१०? शाळेच्या गणितात ४.९ मोठी. इथे मात्र ४.१० नंतरची आहे. आपल्या गटाचे हिस्से आठवा. गट नंबर १२ चा हिस्सा ९ आणि हिस्सा १०. १२/१० हा १२/९ च्या पुढेच येतो ना? आवृत्तीचा नंबर असाच टिंबाटिंबाने सुटा वाचायचा. पहिला आकडा बदलला तर बहुधा मोठा फेरफार, शेवटचा बदलला तर किरकोळ डागडुजी. काही ठिकाणी त्यात सालही असतं. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा नंबर २.२५ ने सुरू झाला, तर ती आवृत्ती २०२५ सालची.

"५ जी" मधला पाच आणि "६४ जीबी" मधला चौसष्ट यांचा आवृत्तीशी संबंध नाही. पहिला नेटवर्कच्या पिढीचा, दुसरा साठवणुकीचा.

अपडेट करावं की नाही?

ॲपचं आणि सुरक्षेचं अपडेट आलं की घ्यावं. अँड्रॉइडची मोठी आवृत्ती मात्र सवडीने घ्या. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा, बॅटरी पुरती भरून घ्या, आणि पीक पाहणीच्या किंवा बाजाराच्या दिवशी हे काम काढू नका. जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर मोठी आवृत्ती घातली की तो कधी कधी जड चालतो, हेही ध्यानात असू द्या.

बिनलेबलचं बियाणं

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. व्हॉट्सॲपच्या गटात कधी एक फाइल येते. नाव असतं पीएम किसान, वर लिहिलेलं असतं "नवीन व्हर्जन, लगेच घ्या, नाही तर हप्ता बंद". शेवटी "एपीके" ही अक्षरं असतात. ती उघडली, की चोराचं ॲप फोनमध्ये शिरतं, बँकेचे संदेश वाचतं आणि खातं रिकामं होऊ शकतं. फाइलला नाव आणि नंबर कुणीही काहीही देऊ शकतो. बिनलेबलची पिशवी शेजाऱ्याने आणून दिली म्हणून आपण पेरतो का? मग ओळखीच्या माणसाने पाठवली म्हणून अशी फाइल उघडू नका. अपडेट घ्यायचं ते प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंग्जमधून. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा आणि बँकेला सांगा. जितकी घाई कराल, तितका पैसे थांबण्याचा संभव जास्त.

ध्यानात ठेवा

१. नावापेक्षा नंबर पाहा. अँड्रॉइडचा नंबर आणि कंपनीचा नंबर वेगवेगळे असतात.
२. सुरक्षा अपडेटची तारीख तीन महिन्यांतून एकदा तपासा.
३. हंगामाच्या सुरुवातीलाच ई-पीक पाहणी ॲपची आवृत्ती पाहा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.
४. टिंबाचे आकडे हिस्सा नंबरासारखे वाचा, ४.९ नंतर ४.१०.
५. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका.

आज संध्याकाळी जनावरांचं आटोपलं, की घरातल्या मुलामुलींना जवळ बसवा, "फोनबद्दल" उघडा आणि तिन्ही नंबर एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. बियाण्याची पावती आपण जपून ठेवतो, त्याच वहीत हे पान असू द्या.

राम राम.