आजीची संक्रांत, नातीची भोगी



अमेरिकेच्या पश्चिम भागात कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्या राज्यात सांता क्लारा हे शहर आहे. संगणकाच्या कामासाठी गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे त्या भागात राहतात. तुमच्यापैकी एखाद्याची आत्या किंवा मामाही तेथे असेल. समजा, १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, सकाळी आठ वाजता मुंबईच्या आजीने तेथील नातीला फोन केला. नात म्हणाली, "आजी, आमच्याकडे आज भोगी! तेरा तारीख आहे आणि संध्याकाळचे साडेसहा वाजलेत." दोघींचीही घड्याळे बरोबर आहेत. मग हे कसे?

पृथ्वीगोल समोर घ्या. त्यावरील आडवी वर्तुळे म्हणजे अक्षवृत्ते. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाणाऱ्या उभ्या रेषा म्हणजे रेखावृत्ते. या रेषा जमिनीवर आखलेल्या नाहीत. शोधायला निघालात, तर चपला मात्र झिजतील! अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात. रेखांश कोठून मोजायचे, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागले. १८८४ साली वॉशिंग्टन येथे अनेक देशांची परिषद भरली. तिने इंग्लंडमधील ग्रिनिचची रेषा शून्य मानली.

मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांश व ७३° पूर्व रेखांशावर आहे. सांता क्लारा सुमारे ३७° उत्तर व १२२° पश्चिम रेखांशावर आहे. एक गाव ग्रिनिचच्या पूर्वेला, दुसरे पश्चिमेला. म्हणून बेरीज करा. ७३ आणि १२२ मिळून १९५ अंश झाले. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. १९५ अंशांना ७८० मिनिटे, म्हणजे १३ तास! मग आजीच्या फोनमध्ये साडेतेरा तासांचा फरक का? कारण सगळ्या भारताची घड्याळे ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावर लावतात आणि कॅलिफोर्नियाची १२०° पश्चिम रेखावृत्तावर. आता पुन्हा बेरीज करून पाहा. (उन्हाळ्यात तेथील लोक घड्याळे एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेबारा तासांचा होतो.)

पूर्वी खलाशांना भर समुद्रात आपले रेखांश नीट कळत नसत. त्यामुळे जहाजे खडकांवर आपटून फुटत, माणसे बुडत. १७५९ साली इंग्लंडमधील जॉन हॅरिसन या कारागिराने हेलकावणाऱ्या जहाजावरही अचूक चालेल असे घड्याळ पूर्ण केले. घड्याळ मूळ ठिकाणची वेळ सांगे, सूर्य जहाजाजवळची. आजी-नातीसारखाच तो फरक! त्यावरून रेखांश काढता येऊ लागले.

अक्षांशासाठी घड्याळ लागत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके तुमचे अक्षांश. हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. मुंबईत ध्रुवतारा जेमतेम दोन मुठी वर दिसतो, तर सांता क्लारामध्ये जवळजवळ चार.

सूर्याचेही तसेच आहे. तो २३° ३०' उत्तरेच्या पलीकडे कधी डोक्यावर येत नाही. म्हणून सांता क्लाराच्या मुलांना भर दुपारी थोडी तरी सावली असतेच. आपल्या महाराष्ट्रात मात्र वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबईत ही दुपार मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला येते. जुलैत आकाशात ढग असतात, म्हणून मे महिन्यातच अंगणात काठी रोवा आणि तुमच्या गावची तारीख शोधून काढा.