एका ठशातून नाणी किती?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला, की श्रोते मनाशी म्हणतात, आता महागाईभत्ता आणि बोनस! आज आम्ही त्या दोघांनाही रजा दिली आहे. आजचा विषय आहे जुनी नाणी, आणि त्यांच्यावरून दोन विद्वानांत झालेला वाद. आमच्यापाशी ना पदवी, ना नाणकशास्त्राचे शिक्षण. वाचनालयाच्या कपाटांनी जे दिले तेवढीच शिदोरी. पण हा वाद वाचताना वाटले, की हा तर आमच्याच घरचा वाद. कारण त्यातला मूळ प्रश्न असा, की एका हत्यारातून माल किती निघतो?

गोष्ट इंग्लंडमधली आहे. ऑफा हा मर्शियाचा राजा. त्याची कारकीर्द इ. स. ७५७ ते ७९६. आपल्याकडे वेरूळचे कैलास लेणे ज्या शतकात कोरले गेले, त्याच शतकातला हा राजा. त्याने चांदीची पेनी पाडली. नाण्याच्या एका बाजूला राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला टांकसाळ चालवणाऱ्याचे. इओबा, बब्बा, उड, इब्बा अशी ही नावे आहेत. ऑफाची राणी किनेथ्रिथ हिच्या नावाचीही नाणी आहेत. तीही इओबाच्याच टांकसाळीतली.

नाणे पाडण्याची रीत साधी होती. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का बसवायचा, त्यावर चांदीची कोरी चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. घाव थेट वरच्या ठशावर पडतो, म्हणून तो लवकर झिजतो. पुढच्या काळात इंग्लंडच्या टांकसाळींना एका खालच्या ठशाबरोबर दोन वरचे ठसे देण्याची रीत पडली, ती यामुळेच. ठसे हाताने कोरलेले असत, त्यामुळे कोणतेही दोन ठसे हुबेहूब सारखे नसत. बारकाईने पाहणारा अभ्यासक दोन नाणी शेजारी ठेवून सांगू शकतो, की ही एकाच ठशाची आहेत की निराळ्या.

आता मुद्द्यावर येऊ. ऑफाच्या टांकसाळींचे हिशेब उरलेले नाहीत. उरली आहेत ती थोडी नाणी. त्यांवरून एकूण ठसे किती होते याचा अंदाज बांधता येतो. समजा, एखाद्या कचेरीत रबरी शिक्के किती आहेत हे आपल्याला ठाऊक नाही, पण तिथले शंभर कागद हाती आले. त्या शंभरांवर पाचच शिक्के पुनःपुन्हा दिसले, तर शिक्के पाच-सहाच असणार. उलट जवळजवळ प्रत्येक कागदावर निराळाच शिक्का निघाला, तर शिक्के पुष्कळ असले पाहिजेत आणि आपण त्यांतले थोडेच पाहिले आहेत. ऑफाच्या नाण्यांत निराळे ठसे फार सापडतात. म्हणजे मूळचे ठसेही बरेच असले पाहिजेत. इथपर्यंत भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या गुणाकारात.

मायकेल मेटकाफ हे त्या वेळी तिशीतले अभ्यासक होते. पुढे ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात नाणेविभागाचे प्रमुख झाले. १९६३ साली त्यांनी मांडले, की एका ठशातून सुमारे १०,००० नाणी निघाली असे धरावे. तसे धरले, की ऑफाची नाणी दशलक्षांच्या घरात जातात. मग आठव्या शतकातले इंग्लंड म्हणजे केवळ शेते आणि रानेवने असलेला देश राहत नाही. तिथे बाजार आहे, व्यापार आहे, हातोहाती फिरणारा पैसा आहे.

केंब्रिजचे फिलिप ग्रिअर्सन हे वयाने आणि मानाने मोठे. त्यांनी स्वतः जमवलेली सुमारे वीस हजार नाणी त्यांच्या पश्चात तिथल्या फिट्‌झविल्यम संग्रहालयाला मिळाली. त्यांनी त्याच वर्षी नाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या एका मासिकात आक्षेप घेतला. मेटकाफ यांनी त्याच मासिकात उत्तर दिले. मग १९६५ साली मेटकाफ यांचा मोठा लेख 'इकॉनॉमिक हिस्टरी रिव्ह्यू' या नियतकालिकात आला, आणि १९६७ साली ग्रिअर्सन यांचे प्रत्युत्तरही तिथेच आले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा आमच्या भाषेत सांगायचा तर असा : ठसा दहा हजार घाव सोसू शकतो, म्हणून त्याने ते सोसलेच असे होत नाही. टांकसाळीत चांदी आली तेवढेच काम झाले. एखादा ठसा पहिल्या शंभरात तडकला असेल, एखादा पुरता झिजण्याआधीच बाजूला ठेवला असेल.

मित्रहो, हे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एका कारखान्याचे प्रेसखाते उभे राहिले. व्यवस्थापनाचा माणूस घड्याळ घेऊन आला, चांगल्या चालत्या घटकेत प्रेसवरचे नग मोजले, त्याला आठ तासांनी गुणले आणि म्हणाला, हे तुमचे रोजचे उत्पादन! डाय बदलायला लागणारा वेळ कुठे गेला? पत्रा उशिरा आला तो वेळ? वीज गेली तो वेळ? आम्ही वाटाघाटीत एकच प्रश्न धरून बसलो : हा आकडा मोजलेला आहे, की गुणलेला? मोजलेला आकडा आम्ही मानतो. गुणलेल्या आकड्याची आधी झडती घेतो.

पण न्याय दोन्ही बाजूंना हवा. ठसा कोरणे हे कसबी काम आहे. जुना चालत असताना कोणी उगाच नवा कोरीत बसत नाही. इतके ठसे कोरले गेले, त्याअर्थी कामही बरेच झाले असणार, हा तर्क टाकाऊ नव्हे. गेल्या काही दशकांत धातुशोधक यंत्रांनी इंग्लंडच्या शेतांतून आठव्या शतकातली सुटी नाणी मोठ्या संख्येने वर काढली आहेत. पुरून ठेवलेला साठा निराळा आणि वाटेवर, बाजारात पडलेले सुटे नाणे निराळे. सुटे नाणे वापर दाखवते. पैसा बराच फिरत होता, या म्हणण्याला त्यामुळे बळ मिळाले. म्हणजे निष्कर्षाला आधार मिळाला, तो दुसऱ्या वाटेने. दहा हजारांचा गुणक मात्र होता तिथेच राहिला.

तेराव्या शतकापासून पुढे इंग्लंडच्या टांकसाळींत ठसे किती दिले आणि नाणी किती पाडली, या दोहोंचे हिशेब मिळतात. त्यांत एका ठशाचा उतारा वर्षावर्षाला आणि टांकसाळी-टांकसाळीला बदलतो. १९९३ साली टी. व्ही. बट्री यांनी प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तर हे सारे गुणाकार कल्पनेचे खेळ ठरवले. आपल्या देशातही हा प्रश्न आला. मोगल काळात चांदीचे रुपये किती पडले, याचा अंदाज अझीझा हसन यांनी १९६९ साली आज उरलेल्या नाण्यांवरून मांडला, आणि १९७६ साली जॉन डेयेल यांनी त्या पद्धतीवरच बोट ठेवले.

यातून आम्ही काय घ्यायचे? एक म्हणजे, भांडण कसे करावे ते. या विद्वानांनी आकडा कुठून आणला हे लपवले नाही. ठसे किती, गुणक कोणता, तो का धरला, सारे छापून वाचकापुढे ठेवले. म्हणूनच आमच्यासारख्या उपऱ्यालाही तो गुणाकार पुन्हा करून पाहता येतो. पगारवाटाघाटीत समोरच्याने इतके जरी केले, तरी निम्मे संप टळतील!

आणि दुसरे. नाण्यावर राजाचे नाव आहे, इओबाचे आहे. घण मारणाऱ्याचे नाही. त्याचा दिवस किती भरला, हात कधी थकला, चांदी नसताना तो काय खात होता, हे कोणत्याच नाण्यावर कोरलेले नाही. 'एका ठशातून किती' हा प्रश्न शेवटी त्याच्याच श्रमांचा प्रश्न आहे. त्याचे काम फुगवून सांगणे हा त्याचा गौरव नव्हे, आणि कमी करून सांगणे हाही न्याय नव्हे. ते जेवढे कळते तेवढेच सांगणे, हा त्याचा खरा मान.