शिदोरी घेऊन निघालेला कृमी

उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. पण तिच्यासारख्या अळ्यांना मारणारा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा सूत्रकृमी फारसा कुणाच्या ओळखीचा नाही. त्यातली हेटेरोरॅब्डायटिस इंडिका ही जात १९९२ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून नोंदली गेली.

हा कृमी अळीच्या शरीरात शिरून आपल्या आतड्यातले जिवाणू तिथे सोडतो. बहुतेक अळ्या दोनएक दिवसांत मरतात. पण अळी सापडेपर्यंत काय? त्या अवस्थेत याचे तोंडच बंद असते. अंगातली चरबी आणि थोडे ग्लायकोजेन एवढ्या शिदोरीवर त्याला कित्येक आठवडे काढायचे असतात.

ही शिदोरी सोडतात ती विकरे, म्हणजे एन्झाइम. चरबी जाळायला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही तर ग्लायकोजेनवरच भागवावे लागते, आणि ते लवकर संपते. गंमत पुढेच आहे. चरबीतल्या मेदाम्लांपासून साखर बनवणे आपल्या शरीराला जमत नाही. सूत्रकृमींना जमते, कारण आयसोसिट्रेट लायेज आणि मॅलेट सिंथेज ही दोन विकरे त्यांच्यापाशी आहेत. एरंडाचे बी रुजताना तेलाची साखर होते, तीही याच दोघांच्या जोरावर. माती हळूहळू सुकू लागली की कृमी ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो आणि पेशींना जपतो.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही एका जूनमध्ये कृमींची पाकिटे मी भर दुपारी बंद जीपमध्ये ठेवून जेवायला बसलो. संध्याकाळी भिंगाखाली पाहतो, तर बहुतेक कृमी काडीसारखे ताठ. पाण्यात ढवळूनही हलेनात. ज्यांच्या उसासाठी ती नेली होती, ते आजोबा म्हणाले, "साहेब, बैलाला उन्हात बांधून ठेवलं, तर तो औत ओढंल का?"

मला उत्तर सुचले नाही. उष्म्याने विकरांचा वेग वाढतो, शिदोरी झपाट्याने सरते. फार तापले तर विकरेच निकामी होतात. कोंडलेल्या जागी प्राणवायूही तुटतो. ते वर्ष आजोबांच्या उसाने सोसले.

म्हणून सांगतो, पाकीट थंड सावलीत ठेवा. वापरण्यापूर्वी थेंबभर पाणी भिंगाखाली पाहा, कृमी वळवळताहेत ना? मग ऊन कलल्यावर ओल्या जमिनीत सोडा. हे औषध नाही, उपाशीपोटी कामाला निघालेला जीव आहे.