माल मोकळा, माणूस अडलेला
युरोपीय संघाचे भूमध्य धोरण आणि कामगार

(कामगार अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दूरचा वाटेल. भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठावरील देशांशी युरोपीय संघ कसा व्यापार करतो, याच्याशी आपल्या ट्रॅकमनला किंवा पोस्टमनला काय देणेघेणे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधीच सांगून ठेवतो. बलाढ्य गट आणि लहान देश यांच्यात करार होतो, तेव्हा पुढारी मैत्रीची भाषणे करतात. कामगाराचे भवितव्य मात्र कराराला जोडलेल्या परिशिष्टात लिहिलेले असते. कोणत्या मालावरची जकात कोणत्या वर्षी उठणार, याच्या त्या याद्या असतात. त्या याद्यांवर संघटना गप्प बसली तर काय होते आणि बोलली तर काय होते, हे ट्युनिशिया या छोट्या देशाने दाखवून दिले आहे.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून निघालेली बोट सुएझ कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरते आणि पश्चिमेकडे वळते. तिच्या उजव्या हाताला ग्रीस, इटली, फ्रान्स, स्पेन हे युरोपचे देश. डाव्या हाताला इजिप्त, लिबिया, ट्युनिशिया, अल्जीरिया, मोरोक्को. समुद्र एकच, पण दोन काठांच्या मजुरीत जमीन-अस्मानाचा फरक.

२७ व २८ नोव्हेंबर १९९५ रोजी बार्सिलोना शहरात युरोपीय संघाचे तेव्हाचे १५ सदस्य आणि भूमध्य काठचे १२ भागीदार एकत्र आले. शांतता, व्यापार आणि सांस्कृतिक देवाणघेवाण अशा तीन अंगांची भागीदारी त्यांनी जाहीर केली. २०१० पर्यंत मुक्त व्यापार क्षेत्र उभारायचे ठरले. युरोपला ही घाई का झाली? १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळल्यावर जर्मनीचे लक्ष पूर्वेकडे लागले. फ्रान्स, स्पेन, इटली यांना दक्षिणेची चिंता होती. अल्जीरियात १९९२ पासून यादवी पेटली होती. दक्षिणेत रोजगार वाढला तर तिथली माणसे युरोपच्या दारात येणार नाहीत, असा हिशेब होता.

या नव्या पद्धतीच्या करारावर सर्वांत आधी, जुलै १९९५ मध्ये, ट्युनिशियाने सही केली. आता परिशिष्टाकडे वळू. युरोपीय यंत्रसामग्रीवरची जकात लगेच काढायची. कच्चा व अर्धतयार माल पाच वर्षांत मोकळा करायचा. ट्युनिशियात तयार होणाऱ्या मालाशी स्पर्धा करणारा माल बारा वर्षांत. अगदी नाजूक धंद्यांना पहिली चार वर्षे सवलत, मग उरलेल्या आठ वर्षांत त्यांचीही जकात शून्य. ट्युनिशियाने १९९६ पासूनच कपात सुरू केली आणि २००८ मध्ये कारखानी मालाची दारे पूर्ण उघडली.

बदल्यात काय मिळाले? इथे नीट लक्ष द्या. ट्युनिशियाच्या कारखानी मालाला युरोपात जकातमाफी १९७६ च्या जुन्या करारानेच मिळालेली होती. म्हणजे कारखानदारीत युरोपने नवे असे फारसे दिलेच नाही; दार उघडायचे ते एकट्या ट्युनिशियाने. ज्या मालात ट्युनिशिया खरोखर बळकट, तो शेतीमाल. तिथे मात्र कोटा आला. ऑलिव्ह तेलाचेच पाहा. बिनजकात तेलाला वर्षाला ५६,७०० टनांची मर्यादा होती. २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनी पर्यटन कोसळले, तेव्हा मदत म्हणून २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांपुरते दरसाल आणखी ३५,००० टन वाढवून दिले. तेवढ्यावरही युरोपातील उत्पादकांनी कुरकुर केलीच.

जकात गेली की सरकारी तिजोरीत खड्डा पडतो. तो भरायला अप्रत्यक्ष कर वाढवले की बोजा पगारदारावर आणि गरिबावर येतो. शिवाय १९७२ च्या कायद्याने निव्वळ निर्यातीसाठी काम करणाऱ्या कारखान्यांना करमाफी दिलेली होती. त्यांतले बहुतेक किनाऱ्यालगत उभे राहिले आणि त्यांत युरोपीय कंपन्यांचे कपडे शिवले जाऊ लागले. ते शिवणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १ जानेवारी २००५ रोजी जगातील कापडाचे कोटे उठले, चीनचा स्वस्त माल युरोपात घुसला आणि याच कारखान्यांना झळ बसली.

देशाचा आतला भाग तर कोरडाच राहिला. २००८ मध्ये गाफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात नोकरभरतीच्या वशिलेबाजीवरून लोक उठले आणि अनेक महिने लढले. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझीद गावात महंमद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ रोजी अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. एका व्यापारी करारामुळे क्रांती झाली, असे मी म्हणणार नाही. हुकूमशाही होती, भ्रष्टाचार होता. पण रोजगार वाढेल या वचनावर करार झाला होता आणि रस्त्यावर उतरलेले तरुण रोजगारच मागत होते, हे विसरता येत नाही.

आता संघटनेविषयी. यूजीटीटी ही तिथली मध्यवर्ती कामगार संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक फरहत हाशेद यांचा फ्रेंच अमदानीत ५ डिसेंबर १९५२ रोजी खून झाला. अशा परंपरेची ही संघटना, पण १९९० च्या दशकात तिचे नेतृत्व सरकारच्या फार जवळ गेले होते. त्यामुळे १९९५ च्या याद्यांवर कामगारांचा आवाज उठला नाही. २०११ च्या उठावात तिच्या गावोगावच्या कचेऱ्या लढ्याची केंद्रे बनल्या. देशाला यादवीपासून वाचवणाऱ्या ज्या चार संस्थांना २०१५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत ती होती. त्याच वर्षी युरोपने नव्या, अधिक खोल कराराच्या वाटाघाटी सुरू केल्या. त्यात शेती, सेवा आणि सरकारी खरेदीही होती. या वेळी कामगार आणि शेतकरी संघटनांनी जाहीर हरकती घेतल्या. २०१९ च्या चौथ्या फेरीनंतर त्या वाटाघाटी रखडल्या. १९९५ आणि २०१५ यांतला फरक इथे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोरोक्कोत २००७ मध्ये टँजर मेड बंदर सुरू झाले, २०१२ मध्ये जवळच रेनो मोटारींचा कारखाना आला. तयार मोटारी रेल्वेने बंदरावर जातात. रोजगार आला, हे खरे. पण त्याच मोरोक्कोची अल्जीरियाशी असलेली सरहद्द १९९४ पासून बंद आहे. ऊज्दाहून ओरानकडे जाणारी आगगाडी सरहद्दीपाशी तुटते. शेजाऱ्यांची एकमेकांशी गाडी नाही, प्रत्येकाची गाडी युरोपच्या जंक्शनलाच लागते. अशा वेळी भाव कोण ठरवणार, हे रेल्वेवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आणि माणसांचे काय? माल मोकळा होत असतानाच, १९९०-९१ मध्ये, इटली आणि स्पेनने या देशांच्या नागरिकांवर व्हिसाची सक्ती आणली. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लिबियाहून निघालेली बोट लांपेदूझा बेटाजवळ बुडून ३६० हून अधिक माणसे मेली. जुलै २०२३ मध्ये युरोपीय संघाने ट्युनिशियाशी समझोता केला. त्यात स्थलांतर रोखण्यासाठी १० कोटी ५० लाख युरो होते. मालाला जकातमाफी आणि मजुराला पहारा, असा हा कारभार आहे.

मित्रहो, युरोपीय संघाशी भारताच्याही व्यापार वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. भारत ट्युनिशियाएवढा लहान नाही, आपली ताकद मोठी आहे. पण असे करार आता जकातीपाशी थांबत नाहीत. ते सेवांपर्यंत आणि सरकारी खरेदीपर्यंत पोचतात. रेल्वेचे डबे, सिग्नल यंत्रणा ही सरकारी खरेदीच आहे. टपाल ही सेवाच आहे. खुद्द युरोपने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने आपली टपालसेवा खासगी स्पर्धेला खुली केली. आपल्याकडेही १८९८ च्या कायद्याने टपाल खात्याला दिलेला पत्रवहनाचा एकाधिकार २०२३ च्या कायद्यात राहिलेला नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने अशा कोणत्याही करारापुढे तीन प्रश्न ठेवावेत. आपला उद्योग कोणत्या यादीत आहे आणि किती वर्षांनी उघडा पडणार आहे? दुसऱ्या बाजूने आधीपासून मिळत नव्हते असे नवे काय दिले? नोकरी गेलेल्या कामगाराची जबाबदारी कोणाची, हे कोणत्या कलमात लिहिले आहे? उत्तर मिळेपर्यंत खासदारांना पत्रे पाठवा, महासंघामार्फत मसुदा मागवा, अभ्यासवर्गात त्याचे वाचन करा. सही झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा सहीपूर्वी विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो. तो विचारण्याइतकी तयारी आपण ठेवू या.